तिनं ते फक्त तुम्हालाच सांगितलं होतं

ताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले नाही, मधे दोन दिवस जाऊ दिले. लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत मी जवळजवळ तीस वर्षं समुपदेशनाचं काम करते. मालकाची मुलं आणि गड्याची मुलं, दोन्हीकडची माणसं माझ्यासमोर बसून गेलेली आहेत. तुम्ही लिहिलंय तसलं मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इतर कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते. गाव अहमदपूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. घर वाड्याचं, जमीन मोठी. तुमच्या सालगड्याची मुलगी तुमच्याच वर्गात, सातवीपर्यंत एका पट्टीवर बसणारी. १९९४ च्या दसऱ्यानंतर तिनं तुम्हाला चिंचेखाली सांगितलं, की बापानं मुकादमाकडून उचल घेतलीय, परवा रात्री फाट्यावर ट्रक येणार आणि आम्ही सगळे ऊसतोडीला जाणार. तिच्या बापाच्या अंगावर वाड्याचे अठराशे रुपये होते, साल पाडव्यापर्यंतचं होतं, म्हणून सगळं गुपचूप. 'कुणाला सांगू नको बर का.' तिनं जाऊ नये म्हणून तुम्ही त्याच रात्री जेवताना आप्पांना सांगितलं. ते लोक फाट्यावरून माघारी आले. तिच्या बापाचं चौकात काय झालं ते तुम्ही माडीच्या खिडकीतून पाहिलं. तिची शाळा सुटली, पैसे फिटेपर्यंत मायलेकी वाड्यात भांडी-धुण्याला राहिल्या, पंधराव्या वर्षी तिचं लग्न लागलं. आज तुम्ही त्रेचाळीस वर्षांच्या, पुण्यात बँकेत. आठ महिन्यांपूर्वी आई गेल्या. तेराव्याला गावी गेलात तेव्हा ती मागच्या दारी पायरीवर बसून भांडी घासत होती. तुम्हाला पाहून उठली आणि म्हणाली, "अहो ताई, च्या ठेवू का?" नवरा वारल्यावर ती माहेरी परत आलीय, तुमच्याच भावाच्या शेतात खुरपायला जाते, धाकटी मुलगी बारावीला आहे आणि तिला नर्सिंगला जायचंय. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, तुम्ही गावी जाणार आहात. तेव्हा माफी मागू का, मुलीची फी भरू का, आणि सांगणारी मीच होते हे तिला माहीत असेल का, असे तुमचे तीन प्रश्न.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. तिला माहीत आहे. तिनं ते फक्त तुम्हालाच सांगितलं होतं.

बारा वर्षांच्या पोरीला एवढा हिशेब येतो. फाट्यावर बोचक्यांवर बसलेली असताना तुमच्या घरची माणसं बॅटऱ्या घेऊन आली, त्याच क्षणी तिला कळलं असणार. त्यानंतरची दोन वर्षं ती हे मनात ठेवून तुमच्याच ताटवाट्या घासत होती आणि तुम्हाला एका शब्दानं बोलली नाही. तुम्ही लिहिलंय की ती कधीच काही म्हणाली नाही, त्यावरून वाटतं तिला कळलं नसावं. माझ्या मते तिला बोलायची सोय नव्हती. बोलून ती जाणार कुठं? आईला त्याच वाड्यात काम, बापाच्या अंगावर त्याच वाड्याचे पैसे.

तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्ही तिला बातमी द्यायला निघालेल्या नाहीत. ती तीस वर्षं जे एकटीनं जाणते, ते तुम्हीही जाणता एवढंच तिला कळणार आहे. माफीपेक्षा हे वेगळं काम आहे, आणि माझ्या अनुभवात जास्त मोलाचं.

पण त्याआधी तुमच्या तब्येतीचं. पहाटे तीनला जाग येते, घास घशाखाली उतरत नाही, आठ महिन्यांत सात किलो वजन गेलं, कामात हिशेब चुकायला लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. अपराधी वाटत राहणं हे नैराश्याचं एक ठरलेलं लक्षण आहे. आजारात मन जुनं सगळं उकरून काढतं, आणि जे खरोखर घडलेलं असतं त्यालाही दसपट करून दाखवतं. तुमच्या बाबतीत आईचं जाणं, नैराश्य आणि एक खरी चूक अशा तीन गोष्टी एकत्र गुंतल्यात. कुठली किती, हे मी नुसतं वाचून सांगू शकत नाही. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पुण्यात ते अवघड नाही. आपल्याकडच्या वाचकांना लगेच डॉक्टर मिळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. औषध घेतलं म्हणून झालेलं पुसलं जाईल ही भीती बाळगू नका. झालं ते झालंच आहे. मात्र उपाशीपोटी, झोपेविना तिच्या दारात गेलात तर तिथं कोसळाल, आणि मग तुम्हाला सावरायचं काम तिच्यावर येईल. हे कसं घडतं ते पुढं सांगते.

हे सगळं आत्ताच का वर आलं, असंही तुम्ही विचारलंय. तुमच्या एका ओळीत त्याचं उत्तर आहे. "त्या रात्री आई माझ्या पायथ्याशी बसली, पांघरुणात हात घालून माझे पाय दाबत राहिली, बोलली काही नाही." म्हणजे आईंना माहीत होतं. तीस वर्षं या गोष्टीला घरात दुसरं कुणीतरी साक्षीदार होतं, आणि त्या गेल्या. आता त्या घरात हे जाणणाऱ्या दोघीच उरल्या, तुम्ही आणि पायरीवर भांडी घासणारी ती.

आता मूळ मुद्द्याकडं येते. तुम्ही माफी कशी मागावी असं विचारलंय, पण मला अडचण दुसरीकडंच दिसते.

तुमचं लिहिणं परत वाचा. 'मी सांगितलं', 'मी दगा दिला', 'माझ्यामुळं तिची शाळा सुटली'. सगळीकडं मी. आप्पा येतात ते दोनच वाक्यांत, आणि त्या दोन्ही वाक्यांना कर्ता नाही. "त्यांना परत आणण्यात आलं." कुणी आणलं? "तिच्या वडिलांना समज देण्यात आली." कुणी दिली, कशानं दिली? खिडकीतून काय दिसलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिथं येऊन तुमचं वाक्य तुटलंय आणि पुढचा परिच्छेद थेट तिच्या लग्नावर गेलाय.

मला असं वाटतं, की बारा वर्षांच्या स्वतःला दोषी धरणं तुम्हाला जड जात असलं तरी जमतंय. आप्पांना दोषी धरणं जमत नाहीये. ऐंशी वर्षांचे आप्पा, नुकतेच एकटे झालेले, तुमची फी भरणारे, तुम्हाला पुण्याला शिकायला पाठवणारे. त्यांच्या वाट्याचा दोषही तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेतलाय, कारण पोरीची चूक माफ होण्याजोगी असते आणि बापाची चूक मान्य केली तर सगळ्या घराकडं वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. ही लबाडी आहे असं मी म्हणत नाही. बापावर जीव असलेली लेक असंच करते. पण त्यामुळं होतं काय, की तुम्हाला स्वतःचा नेमका वाटाही दिसत नाही.

इथं थोडं विषयांतर करते. या कामात मी आले ती किल्लारीच्या भूकंपामुळं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, मदतीला म्हणून गेले आणि तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसांजवळ नुसती बसून राहायला शिकले. त्या भूकंपात माळवदाची घरं पडली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचा जाड थर, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. कुडाच्या, गवताच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी तगल्या. म्हणजे ज्यांच्याकडं होतं ते गेले आणि ज्यांच्याकडं नव्हतं त्यातले पुष्कळ वाचले. अशाच एका वाचलेल्या सालगड्याजवळ मी बसायचे. मालकाची दोन लेकरं त्यानं स्वतःच्या हातानं मातीतून काढली होती, जिवंत नव्हती. तो रोज एकच म्हणायचा, "माझं खोपाट उभं हाय, मी कोणत्या तोंडानं राहू त्यात?" त्याची काय चूक होती? काहीच नाही. तरी त्याला जे वाटत होतं ते खरं होतं. तेव्हापासून मी एक धडा बाळगून आहे. किती अपराधी वाटतं यावरून किती अपराध झाला हे ठरत नाही. वाटणं नात्यातून येतं. दोष मात्र वेगळा बसून मोजावा लागतो.

तर तुमचा मोजू. बारा वर्षांची मुलगी मैत्रीण जाऊ नये म्हणून वडिलांना सांगते. तिला काय माहीत होतं? आप्पा कुणालाही थांबवू शकतात एवढं. थांबवतात कसं, हे माहीत नव्हतं. मैत्रिणीनं सांगू नको म्हटलेलं असताना सांगितलं, हा शब्द मोडणं झालं, तो दोष तुमचा, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. माणसं पाठवणं, चौकात हात उचलणं, पोरीला शाळेतून काढून घरकामाला लावणं, हे मोठ्या माणसानं पूर्ण समजून केलं. तो दोष आप्पांचा. 'तेव्हा तसंच चालायचं' असं तुमचे भाऊ म्हणाले, हे तुम्ही लिहिलंय. चालायचं हे खरं. पण वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. उचल दिली म्हणून माणसाला जबरदस्तीनं कामाला बांधून ठेवणं हा त्या कायद्यानं गुन्हा, आणि असं बांधून घालणारं कर्ज फेडायची जबाबदारीच त्यानं रद्द केली. तुमची गोष्ट घडली तेव्हा त्याला अठरा वर्षं झाली होती. ज्या घरात जमिनीचे खटले चालतात त्या घराला कायदा अगदीच परका नसतो.

आणि तिसरा वाटा आहे, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. वीस वर्षांच्या झालात, नोकरीला लागलात, दर दिवाळीला आणि येळवशीला गावी जात राहिलात. ती नवरा गेल्यावर परत आली हे तुम्हाला सहा वर्षांपासून माहीत होतं. सहा वर्षं तिच्या घरावरून गाडी गेली. हा वाटा बारा वर्षांच्या मुलीचा नाही, आप्पांचाही नाही. माफी मागायचीच असेल तर ती याची मागण्यासारखी आहे, आणि हा वाटा उचलायला तुम्ही आज पुरेशा मोठ्या आहात.

हे कडक वाटेल. पण माझा अनुभव असा, की दोष नेमका कळला की माणूस जरा सैल होतो. ढोबळ, सगळ्या अंगावर पसरलेला दोष नुसता झोप घालवतो. नेमका दोष काय करायचं ते सांगतो.

आता माफीबद्दल. काही वर्षांपूर्वी घरकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडं यायच्या. लहानपणी ज्या घरात त्यांची आई राबली, त्या घरची मुलगी मोठेपणी त्यांच्याकडं माफी मागायला आली होती. काय झालं ते त्यांनी सांगितलं ते शब्द मी विसरले नाही. "ती आली, बाजंवर बसली अन् रडायला लागली. मीच उठून तिला पाणी दिलं. मीच म्हणाले जाऊ द्या, झालं गेलं. ती हलकी होऊन गेली अन् माझं डोकं तीन दिवस दुखलं." अजून एक सेवानिवृत्त मास्तर होते. ते आपल्या म्हाताऱ्या सालगड्याकडं धोतर, टोपी आणि पाकीट घेऊन गेले आणि त्याच्या पाया पडले. गल्ली जमली. म्हातारा घाबरला. त्यानं उलट मालकाचे पाय धरले आणि रात्री पोराला विचारत राहिला, माझ्याकडून काय चुकलं म्हणून मालक असं वागले. दोघांचीही मनं साफ होती, मास्तरांची आणि त्या मुलीची. तरी जे झालं ते असं, की ज्यांनी आयुष्यभर या घरांसाठी कष्ट केले त्यांनाच आणखी एक काम लागलं. माफ करायचं काम.

मराठीत 'माफ कर' हा आज्ञार्थ आहे. कितीही हात जोडून म्हटलं तरी वाड्याच्या तोंडून तो आज्ञाच होतो. ती नाही कसं म्हणेल? तुमच्या भावाच्या शेतात तिचं पोट आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जा, पण 'माफ कर' म्हणू नका. जे घडलं ते सांगा, कर्त्यासकट सांगा, आणि थांबा. काहीसं असं: "त्या दसऱ्याला तू मला चिंचेखाली सांगितलंस ते मी आप्पांना सांगितलं. तू मला एकटीलाच सांगितलं होतंस. आप्पांनी तुम्हाला माघारी आणलं, तुझ्या वडिलांना मारलं, तुझी शाळा सोडवली. चूक आमच्या घराची होती, तुझ्या वडिलांची नव्हती. मोठी झाल्यावरही मी तुझ्याशी बोलले नाही, ही माझी चूक. मला तुझ्याकडून काही नको, फक्त तुला सांगायचं होतं." यातलं 'तुझ्या वडिलांची चूक नव्हती' हे वाक्य गाळू नका. अंगावर पैसे ठेवून पळून चालला होता हा डाग त्या माणसाच्या नावावर गावात अजून असेल, आणि त्याची मुलगी तो ऐकत मोठी झालीय.

हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून पाहा. 'आप्पांनी मारलं' इथं जीभ अडेल. अडायची थांबेपर्यंत म्हणत राहा, मगच जा.

ती काय करेल? सांगता येत नाही. "मला काय आठवत नाही" म्हणेल, बहुतेक हेच म्हणेल, आणि त्याचा अर्थ आठवत नाही असा नसतो. 'आत्ता नको' असा असतो. चिडेल, तर ऐकून घ्या, आपली बाजू सांगू नका. 'तू जाऊ नयेस म्हणून सांगितलं' हे तुमच्या मनात सगळ्यात आधी येईल. ते तिनं विचारल्याशिवाय बोलू नका. ते खरं आहे, पण पहिल्याच भेटीत ते सफाईसारखं ऐकू येतं. कदाचित ती हसेल आणि दुसऱ्याच कुठल्या आठवणीवर जाईल, पट्टीवरच्या जागेवरून झालेल्या भांडणावर, बोरांवर. तेही चालेल. तिनं विषय कुठं न्यायचा ते तिला ठरवू द्या. त्या वाड्यात ते आजवर तिच्या हातात नव्हतं.

जातीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. गोठ्याच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, तिच्या घरच्यांसाठी कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असायची, हे मात्र लिहिलंत. तेवढ्यावरून मी समजले. तुमच्या दोघींमधलं अंतर नुसतं पैशाचं नव्हतं, आणि हे तुम्हालाही माहीत आहे म्हणूनच ती कपबशी तुम्हाला आठवली. त्यावर भाषण करायची गरज नाही. पण तिच्यासमोर 'आपण तर बहिणीसारख्या होतो' असं म्हणू नका. बहिणीचा कप देवळीत नसतो.

आणि तिचं 'अहो'. तुम्हाला त्यानं सगळ्यात जास्त लागलं. चिंचेखाली जी 'अगं' म्हणायची ती 'अहो ताई' म्हणाली. ते बदलायचा आग्रह धरू नका. 'अगं म्हण ना' हीसुद्धा एक आज्ञाच. शिवाय ते 'अहो' तिचं कुंपण आहे. वाड्यात दोन वर्षं काम करताना तिनं ते स्वतःभोवती घातलं असेल, आणि ते काढायचं की नाही हे तीच ठरवेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच पाहाव्या लागतील. पहिली, तिची रोजी. ती तुमच्या भावाकडं कामाला आहे. तुम्ही तिला 'चूक आमच्या घराची' म्हणालात हे भावाच्या किंवा आप्पांच्या कानावर गेलं, तर दुसऱ्या दिवशी तिला 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं जाईल का? तुम्ही भावाला ओळखता, मी नाही. तशी शंका असेल तर आधी भावाशी बोला. परवानगी मागू नका, नुसतं कानावर घाला, आणि तिच्या कामाला धक्का लागणार नाही हे त्यांच्याकडून वदवून घ्या. ते जमत नसेल तर जायची घाई करू नका. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिची मजुरी पणाला लावता येणार नाही. तीस वर्षांपूर्वी तुमच्या बोलण्याचा परिणाम तुम्हाला माहीत नव्हता, आज माहीत आहे.

दुसरी, आप्पा. त्यांच्याशी बोलावं का? त्यांची तब्येत, स्मरण कसं आहे यावर आहे. बोललात तर भांडायला नको, विचारायला बोला. "आप्पा, त्या रात्री काय झालं होतं?" काही म्हातारी माणसं या वयात स्वतःहून सांगतात, असं मी पाहिलंय. काही उठून जातात. पण तिच्याकडं जायचं ते आप्पांच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नका, आणि दोन्ही एकाच मुक्कामात उरकू नका.

आता पैशाचं. तुमचा हेतू चांगला आहे, पण ती भेट आणि फी एकत्र करू नका. तिच्या आयुष्यात आधी हातावर ठेवलेल्या पैशाला एकच नाव आहे, उचल. उचल घेतली की अंग अडकतं, हे तिनं बापाच्या पाठीवर पाहिलंय. कबुली देऊन त्याच बैठकीत पाकीट काढलंत, तर ती तोंड बंद ठेवायची किंवा माफ करायची उचल ठरेल, तुम्ही काहीही म्हटलं तरी.

मधे दोन-तीन महिने जाऊ द्या. मग मुलीच्या शिक्षणाचं विचारा, आणि आधी पैसे नकोत, तुमचा हात द्या. तुम्ही बँकेत आहात, कागद तुम्हाला कळतात. बारावी विज्ञान असेल तर बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते, चार वर्षांचा अभ्यासक्रम. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, एएनएम हा सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सरकारी जागा आणि खासगी जागा यांच्या फीत मोठा फरक असतो, आणि गावातल्या पोरी फॉर्म वेळेत न भरल्यामुळं खासगीकडं ढकलल्या जातात. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा तर जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. तहसीलच्या एकेका खेपेला मजुरीचा एक दिवस बुडतो, तिथं बऱ्याच घरांचं अडतं. हे तुम्ही फोनवरून, ऑनलाइन करून देऊ शकता, आणि त्यात उपकाराचं ओझं कमी. त्यानंतरही फी कमी पडली आणि तिनं घ्यायचं ठरवलं, तर थेट कॉलेजात भरा, गावात कुणाला कळू देऊ नका, आणि 'परत करायचे नाहीत' हे एकदाच, साध्या शब्दांत सांगा. ती नको म्हणाली तर नको. ऊसतोडीच्या हंगामात मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, तिथं हातभार लावता येईल. पण ते तिच्या बदल्यात केलं असं मनाशी धरू नका, ते वेगळं काम आहे.

म्हणजे क्रम असा: आधी तुमची झोप आणि औषधं, मग भाऊ, मग ती, आणि पैसे सगळ्यात शेवटी, तेही तिला हवे असतील तर.

राहिली येळवस. त्या दिवशी जाऊ नका. आदल्या रात्री ती तुमच्याच वाड्यात भज्जीच्या शेंगा सोलत, उंडे थापत जागी असेल. दुसऱ्या दिवशी तुमच्या शेतातल्या कोपीपाशी पाहुण्यांना आंबील वाढत असेल. सबंध गाव शेतात, भाऊबंद, पुण्या-मुंबईचे पाहुणे. तिथं तुम्ही तिला बाजूला घेतलंत तर चार माणसं पाहतील, आणि ती हातातलं वाढणं घेऊन उभ्यानं ऐकेल. तिला वाड्यावर बोलावून घेऊ नका, निरोपही पाठवू नका. बोलावणं आलं की ती येणारच, आणि ते येणं चाकरीचं होईल.

येळवशीनंतर दोन दिवस जास्तीची रजा घ्या. तिसऱ्या दिवशी दुपारून, ती कामावरून येऊन टेकल्यावर, तिच्या घरी जा. गाडी वाड्यातच ठेवा, चालत जा. हातात काही नेऊ नका. दारात उभं राहून विचारा, बसू का. ती म्हणाली आज नको, तर बरं म्हणून माघारी या, पुढच्या खेपेला परत विचारा. बसा म्हणाली तर ती जिथं बसेल तिथं, त्याच उंचीवर बसा. ती चहा ठेवेल. तिच्या घरातल्या कपात तो प्या, आणि प्यायल्यावर कप विसळायला उठू नका. तिच्या घरी तुम्ही पाहुण्या आहात, तिला पाहुणचार करू द्या. मग बोला.